हसवणाऱ्याची जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदा बोलण्यासाठी कोणता विषय घेतला आहे, असे मला सहकाऱ्यांनी विचारले. 'दूरचित्रवाणीवर विनोदी मालिका लिहिणारा आणि तयार करणारा एक माणूस,' असे मी सांगितले. त्यावर एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "सर, आपल्या व्यासपीठावर शास्त्रज्ञांची चरित्रे सांगावीत, समाजसुधारकांची सांगावीत. थट्टामस्करीवर पोट भरणारा माणूस मुलांपुढे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की शास्त्रज्ञ आपल्या मुलांना वर्षातून दोनचार वेळा भेटतो. विनोद करणारा मात्र दिवसातून पन्नास वेळा भेटतो. पूर्वी तो घरातल्या दूरचित्रवाणी संचावर होता, आता मुलांच्या हातातल्या मोबाईलवर आहे. त्याने सांगितलेले विनोद मुले शाळेत आणतात, एकमेकांना ऐकवतात, त्यांवर हसतात. त्यांतले काही विनोद तुमच्याआमच्यावरच केलेले असतात. आपल्या नावांवर, आपल्या बोलण्यावर, आपल्या मोहल्ल्यावर. गणित तपासायला आपण मुलांना शिकवतो; पण विनोद कसा तपासावा, कोण कोणाला हसतो आहे आणि कशासाठी, हे कोणी शिकवत नाही. म्हणून आज मी ज्याने हा प्रश्न आयुष्यभर अंगावर घेतला अशा एका माणसाची हकिकत सांगणार आहे. त्यांचे नाव नॉर्मन लियर.

लियर हे अमेरिकेचे. जन्म २७ जुलै १९२२, कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या गावी, एका ज्यू कुटुंबात. नऊ वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांना खोटे रोखे विकण्याच्या गुन्ह्याखाली अटक झाली आणि तुरुंगवास भोगावा लागला. घर मोडले. मुलगा नातेवाइकांकडे वाढला. त्याच वयात आणखी एक गोष्ट घडली. मुलाने स्वतः जुळवलेल्या लहानशा रेडिओवर एका पाद्र्याचे भाषण ऐकले. फादर कॉग्लिन हे त्या पाद्र्याचे नाव. लाखो लोक त्यांची भाषणे ऐकत, आणि त्या भाषणांतून ज्यू लोकांविरुद्ध विष ओकले जाई. आपण ज्या जातीत जन्मलो त्या जातीचा द्वेष करणारी माणसे या देशात आहेत, आणि तो द्वेष रेडिओवरून घरोघर पोचवता येतो, हे त्या नऊ वर्षांच्या मुलाला त्या दिवशी कळले.

विद्यार्थी मित्रांनो, इथे जरा थांबा. वडील तुरुंगात, घर दुसऱ्याचे, आणि रेडिओवर आपल्याच लोकांची निंदा. अशा मुलाचे पुढे काय होते? पुष्कळदा तो कडवट होतो. नॉर्मनच्या बाबतीत तसे झाले नाही, आणि त्यात शाळेचा काही वाटा आहे. 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेतर्फे शाळकरी मुलांसाठी देशाच्या राज्यघटनेवर वक्तृत्व स्पर्धा होत असे. तीत त्याने भाग घेतला, बक्षीस मिळवले, आणि त्या शिष्यवृत्तीवर तो बॉस्टनच्या इमर्सन कॉलेजात दाखल झाला. वक्तृत्व स्पर्धेला 'पाठांतराचा तमाशा' म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ज्या घटनेवर तो मुलगा सोळासतराव्या वर्षी बोलला, ती पुढे त्याच्या मनातून कधीच गेली नाही.

१९४२ साली कॉलेज सोडून ते विमानदलात दाखल झाले. बॉम्बफेकी विमानावर रेडिओ चालवणारा आणि बंदूक सांभाळणारा सैनिक म्हणून इटलीतील तळावरून त्यांनी ५२ मोहिमांत भाग घेतला. युद्ध संपले तेव्हा पदवी नव्हती, पैसा नव्हता. एक काका वृत्तपत्रांना नामवंतांची खबरबात पुरवण्याचा व्यवसाय करीत. आपणही तेच करावे, एवढीच महत्त्वाकांक्षा होती. तोही व्यवसाय धड चालला नाही. पुढे १९४९ मध्ये ते कॅलिफोर्नियात गेले आणि नात्यातल्या एड सिमन्स नावाच्या तरुणाबरोबर घरोघर फिरून विक्रीचे काम करू लागले. दिवसा दारोदार हिंडायचे आणि रात्री दोघांनी बसून विनोदी प्रसंग लिहायचे, असा क्रम होता.

अशा रात्रीच्या लिखाणातला एक तुकडा डॅनी टॉमस या प्रसिद्ध विनोदी नटाने विकत घेतला आणि दार किलकिले झाले. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत दूरचित्रवाणी नवी होती. दर आठवड्याला नवे प्रसंग हवे असत आणि लिहिणारे हात थोडे होते. डीन मार्टिन आणि जेरी लुईस ही त्या काळची गाजलेली विनोदी जोडी. तिच्यासाठी लियर आणि सिमन्स लिहू लागले. पुढे बड यॉर्किन या दिग्दर्शकाबरोबर लियर यांनी 'टँडम' ही स्वतःची संस्था काढली. काही चित्रपट केले. १९६७ च्या एका चित्रपटाच्या लेखनाला ऑस्करचे नामांकनही मिळाले. एवढ्यावर ते थांबले असते तर एक यशस्वी लेखक म्हणून त्यांची नोंद झाली असती, आणि मी आज त्यांच्यावर बोललो नसतो.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा. आपल्याकडे निर्माता म्हटला की पैसे घालणारा शेठ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकन दूरचित्रवाणीवर तसे नसते. तिथे मालिकेचा निर्माता बहुधा मूळचा लेखकच असतो. कथा कोणती, पात्रे कोणती, नट कोण, कोणते वाक्य ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हे तो ठरवतो. एका मालिकेला पाचसात लेखक असतात. ते एका खोलीत बसून एकमेकांचे लिखाण निर्दयपणे तपासतात. आठवडाभर तालमी होतात, रोज संहिता बदलते. लियर यांच्या प्रमुख मालिका प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर नाटकासारख्या सादर होत आणि तेव्हाच त्यांचे चित्रण होई. प्रेक्षक हसले नाहीत तर सबब सांगायला जागा नसे. विनोद हा सहज सुचणारा खेळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे कष्ट ध्यानात घ्यावेत.

आता मुख्य गोष्ट. इंग्लंडमध्ये बी.बी.सी.वर जॉनी स्पाइट यांनी लिहिलेली एक विनोदी मालिका गाजत होती. तीत एक हेकट, तोंडाळ बाप आणि नव्या विचारांचा जावई यांची सतत जुंपलेली असे. तिची माहिती वाचताच लियर यांना आपले वडील आठवले. वडिलांचेही मुलाशी असेच वाद होत. बायको बोलू लागली की ते तिला गप्प करीत. जातीपातींविषयी त्यांची मते अशीच ठाम आणि अशीच चुकीची होती. तरीही मुलाचे त्यांच्यावर प्रेम होते. लियर यांनी त्या मालिकेचा अमेरिकन अवतार लिहिला. ए.बी.सी. या कंपनीने १९६८ साली नमुन्याचा एक भाग करून घेतला आणि नाकारला. १९६९ मध्ये दुसरा करून घेतला, तोही नाकारला. अखेर सी.बी.एस. या दुसऱ्या कंपनीने ती घेतली आणि १२ जानेवारी १९७१ रोजी 'ऑल इन द फॅमिली' प्रथम दिसली. 'सगळे घरातलेच' असे आपण तिला म्हणू.

घर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले, बेताच्या मिळकतीचे. घरधनी आर्ची बंकर गोदामात माल चढवण्याउतरवण्याच्या कामावरचा मुकादम. बायको ईडिथ भोळी, पण मनाने निर्मळ. मुलगी ग्लोरिया, आणि शिकत असलेला, सासऱ्याच्याच घरात राहणारा जावई माइक. आर्चीला काळे लोक नकोत, ज्यू नकोत, परदेशातून आलेले नकोत. जावई मूळचा पोलिश घराण्यातला, म्हणून तोही नको. आणि शेजारच्या घरात राहायला येते एक काळे कुटुंब, जेफरसन यांचे.

त्या काळापर्यंत अमेरिकन विनोदी मालिकांतील घरांत सर्वांत मोठे संकट म्हणजे साहेब जेवायला यायचा आणि भट्टीतले मांस करपायचे. बाहेर व्हिएतनामचे युद्ध चालू होते, काळ्यांच्या हक्कांसाठी माणसे रस्त्यावर आली होती, पण पडद्यावरच्या घरात यांतले काही शिरत नसे. लियर यांनी ते सारे जेवणाच्या टेबलावर आणून ठेवले. कंपनी घाबरली. काही वाक्ये गाळा, पहिल्या भागाऐवजी दुसरा भाग आधी दाखवा, असा शेवटच्या घटकेपर्यंत आग्रह चालला. लियर यांनी सांगितले, तसे असेल तर मी काम सोडतो. त्यांच्यापुढे त्या वेळी चित्रपटांचा करार चालून आला होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. माणसाला ठामपणे नकार देता येतो तो हातात दुसरे हुन्नर असले म्हणजे. कंपनीने पहिलाच भाग दाखवला. आधी एक सूचना दाखवली, की या मालिकेचा हेतू आपल्या पूर्वग्रहांतील हास्यास्पदपणा दाखवण्याचा आहे. तक्रारींच्या दूरध्वनींसाठी जादा माणसेही बसवली. तक्रारींचा पूर आला नाही. पुढे ही मालिका सलग पाच वर्षे देशात पहिल्या क्रमांकावर राहिली.

तिच्यातला विनोद कसा होता, याचे एक उदाहरण देतो. फेब्रुवारी १९७२ मधला एक भाग. आर्ची जोडधंदा म्हणून टॅक्सी चालवतो. सॅमी डेव्हिस हे खरोखरीचे विख्यात काळे गायक आणि नट त्याच्या टॅक्सीत बसतात आणि आपली बॅग विसरतात. ती घ्यायला ते आर्चीच्या घरी येतात. एवढा मोठा माणूस घरी आलेला! आर्ची त्यांचे आदरातिथ्य करायची शिकस्त करतो, आणि दर वाक्याला त्याच्या तोंडून काहीतरी भयंकर निसटते. पाहुणा शांतपणे, हसत हसत, त्याचेच शब्द त्याच्या हातात परत देतो. शेवटी निशाणी म्हणून दोघांचे छायाचित्र काढायचे ठरते. कॅमेऱ्याची कळ दाबली जाते त्याच क्षणी सॅमी डेव्हिस आर्चीच्या गालाचा मुका घेतात. प्रेक्षकगृह हास्याने दणाणून गेले. भाषण नाही, उपदेश नाही, शिवी नाही. आणि तरीही स्पर्शाची किळस बाळगणारा माणूस किती हास्यास्पद दिसतो ते साऱ्या देशाने पाहिले.

सगळे छान झाले, असे म्हणून मला इथे थांबता आले असते. पण ही मालिका आल्यापासूनच एक गंभीर आक्षेप घेतला जात होता. लॉरा हॉबसन या नामवंत लेखिकेने १९७१ सालीच न्यूयॉर्क टाइम्समध्ये मोठा लेख लिहून विचारले, की द्वेष करणारा माणूस इतका गमतीदार आणि प्रेमळ दाखवणे बरोबर आहे का? तो आवडू लागला की त्याचा द्वेषही खपून जाणार नाही का? लियर यांनी त्याच पत्रात उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे, की द्वेष करणारी माणसे राक्षसासारखी दिसत नाहीत. ती आपल्या घरातली, आपल्याला प्रिय असलेली माणसे असतात, म्हणून तर प्रश्न अवघड आहे.

वाद नुसता शब्दांचा राहिला नाही. निल विडमार आणि मिल्टन रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या प्रेक्षकांकडे जाऊन चौकशी केली आणि १९७४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या मनात पूर्वग्रह कमी होते त्यांना वाटत होते की मालिकेत आर्चीची फजिती होते. ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त होते ते आर्चीला हसत नव्हते, आर्चीबरोबर हसत होते. त्यांच्या मते वादात आर्चीच जिंकत होता. मालिका एकच, वाक्ये तीच, आणि दोघे दोन वेगळ्या गोष्टींना हसत होते!

पालकहो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विनोद करणाऱ्याचा हेतू चांगला असला म्हणून काम भागत नाही. ऐकणारा आपले मन बरोबर घेऊन येतो.

आमच्या वर्गातले उदाहरण सांगतो. उर्दू माध्यमातून आमच्याकडे पाचवीला आलेला एक मुलगा 'पाणी'ला 'पानी' आणि 'शाळा'ला 'शाला' म्हणत असे. तो वाचायला उभा राहिला की वर्ग हसायचा. तोही हसायचा, पण त्याचे हसणे निराळे होते; हे मास्तर लोकांना लगेच कळते. 'हसू नका' असे दरडावून वर्ग गप्प होतो, हसणे मधल्या सुट्टीपर्यंत पुढे ढकलले जाते इतकेच. एके दिवशी मी फळ्यावर 'कलम' हा शब्द लिहिला आणि त्या मुलाला म्हटले, याचा मूळ उच्चार सर्वांना शिकव. घशाच्या मुळातून येणारा तो 'क' काढताना अख्ख्या वर्गाची तारांबळ उडाली. सगळे हसले, आणि त्या दिवशी तो मुलगा खरेखुरे हसला. मात्र एवढ्याने सर्व बदलले असे मी सांगणार नाही. चार दिवसांनी तो पुन्हा अडखळला आणि मागच्या बाकावरचे दोघे पुन्हा हसले. एका विनोदाने मन बदलत नाही. लियर यांनीही असा दावा कधी केला नाही. धर्मोपदेशकांना दोन हजार वर्षांत जे साधले नाही ते अर्ध्या तासाच्या मालिकेने साधेल असे मानणारा मी मूर्ख नाही, अशा अर्थाचे ते म्हणत.

मग आक्षेप घेणाऱ्यांपुढे त्यांनी काय केले? माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा खरा धडा इथे आहे. त्यांनी ज्यांच्यावर हसले जात होते त्यांना दारातून आत घेतले.

फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांच्या संस्थेची 'गुड टाइम्स' ही मालिका सुरू झाली. शिकागोच्या गरीब वस्तीतले काळे कुटुंब. ती माइक इव्हान्स आणि एरिक मॉन्टी या दोन काळ्या लेखकांनी निर्माण केली होती. आईची भूमिका करणार होत्या एस्थर रोल. बाप नसलेल्या घराची कल्पना पुढे आली तेव्हा त्यांनी सांगितले, की आमच्या लोकांच्या घरात बाप नसतो असेच चित्र सगळीकडे दाखवले जाते. या घरात बाप असेल तरच मी काम करीन. बाप आला. जॉन एमस यांनी ती भूमिका केली.

पण पुढे काय झाले पाहा. घरातला थोरला मुलगा जे.जे. याच्या माकडचेष्टांना प्रेक्षक जास्त हसू लागले, तसतसे लेखक त्यालाच जास्त वाव देऊ लागले. रोल आणि एमस दोघांनी हरकत घेतली. न शिकणारा, न कमावणारा, नुसते तोंड वेडेवाकडे करणारा मुलगा आमच्या तरुणांपुढे आदर्श म्हणून ठेवता काय, असा त्यांचा सवाल होता. या वादात १९७६ साली एमस यांना मालिकेतून जावे लागले. बापाचा अपघाती मृत्यू दाखवला गेला. ज्या बापासाठी बाईंनी हट्ट धरला तोच गेला. लियर यांच्या नावावर जमा बाजू मोठी आहे; पण ही खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. हशा हा दुकानातल्या गल्ल्यासारखा असतो. तो वाजू लागला की मालकाला इतर काही ऐकू येत नाही.

त्याच मालिकेवरून आणखी एक प्रसंग लियर यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. 'ब्लॅक पँथर' या काळ्यांच्या जहाल संघटनेचे तीन तरुण त्यांच्या कचेरीत येऊन धडकले. त्यांचा राग असा, की पडद्यावर काळे कुटुंब दाखवता ते गरीबच का? बाप चार ठिकाणी राबतो आणि तरी पोट भरत नाही, एवढेच आमचे चित्र आहे काय? आमच्यात वर आलेली माणसे नाहीत? लियर चिडले नाहीत, पहारेकऱ्यांना बोलावले नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि ते बोलणे मनावर घेतले.

जानेवारी १९७५ मध्ये 'द जेफरसन्स' ही मालिका आली. आर्चीचा तो काळा शेजारी जॉर्ज जेफरसन कपडे धुण्याच्या दुकानांचा मालक झालेला आहे, पैसा मिळवून आहे, आणि मॅनहॅटनच्या उंची इमारतीत राहायला जातो. हा जॉर्ज काही साधुपुरुष नव्हे. तो फुशारकी मारतो, नोकराणीशी हुज्जत घालतो, गोऱ्यांविषयी त्याचे पूर्वग्रह आर्चीच्या तोडीचे आहेत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जोडप्यातला नवरा गोरा आणि बायको काळी. जॉर्जला ते बघवत नाही. म्हणजे काळ्या माणसाला पडद्यावर नुसते गोड आणि निर्दोष दाखवण्याची जी दया असते, तीही लियर यांनी टाळली. आर्चीला जसे दोष असण्याचा हक्क होता तसाच जॉर्जलाही मिळाला. ही मालिका अकरा हंगाम, १९८५ पर्यंत चालली. तिचे २५३ भाग झाले. ती 'ऑल इन द फॅमिली'पेक्षाही अधिक वर्षे टिकली.

१९७४-७५ च्या हंगामात अमेरिकेतल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या दहा मालिकांपैकी पाच लियर आणि यॉर्किन यांच्या घरच्या होत्या. १९७८ साली आर्चीची जुनी खुर्ची वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. पैसाही अफाट मिळाला. १९८५ मध्ये लियर आणि त्यांच्या भागीदाराने आपली कंपनी कोका-कोलाला ४८ कोटी ५० लाख डॉलरना विकली.

त्या पैशाचे त्यांनी काय केले, त्यातली एकच गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ च्या रात्री छापला गेला. त्या मूळ छपाईची एक प्रत २००० साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर ८१ लाखांहून अधिक डॉलर देऊन विकत घेतली. ती त्यांनी तिजोरीत ठेवली नाही. देशभर गावोगाव फिरवली, शाळकरी मुलांना आणि सामान्य माणसांना डोळ्यांनी पाहता यावी म्हणून. घटनेवर भाषण करणारा तो शाळकरी मुलगा ऐंशीच्या घरातही जिवंत होता म्हणायचा. त्याआधी १९८१ मध्ये, कोणाचे देशप्रेम त्याच्या धर्मावरून मोजू नये या आग्रहासाठी त्यांनी एक संघटनाही काढली होती.

काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. १९७५ साली त्यांच्या संस्थेने एका घटस्फोटित आईची आणि तिच्या दोन मुलींची मालिका काढली होती. २०१७ मध्ये तीच नव्याने आली, या वेळी क्यूबाहून आलेल्या कुटुंबाची म्हणून. आणि चौऱ्याण्णव वर्षांचे लियर तिच्या निर्मात्यांत होते. २०२० मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्यांना एमी पारितोषिक मिळाले. ५ डिसेंबर २०२३ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता आपल्या अधिक जवळचे एक उदाहरण देतो. कॅनडात झरका नवाझ नावाच्या एक बाई आहेत. घराणे पाकिस्तानातून गेलेले. विज्ञानाची पदवी घेतली, वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही. अशा वेळी आपल्या घरांत जणू सुतक पडते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी पत्रकारितेचे शिक्षण घेतले, रेडिओवर काम केले, लघुपट काढले, आणि मग एका विनोदी मालिकेची कल्पना मांडली. कॅनडाच्या माळरानावरचे एक लहान गाव. तिथल्या मूठभर मुसलमानांनी चर्चचे सभागृह भाड्याने घेऊन त्यात मशीद सुरू केली आहे. गोऱ्या शेजाऱ्यांचे गैरसमज त्यात आहेत, आणि आपल्या लोकांची आपसातली भांडणेही आहेत. जुन्या वळणाचे बुजुर्ग, वकिली सोडून आलेला तरुण इमाम, तडफेने बोलणाऱ्या मुली, कोणालाही सूट नाही. जानेवारी २००७ मध्ये ही मालिका सुरू झाली. पहिला भाग वीस लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. ती २०१२ पर्यंत चालली, ९१ भाग झाले.

तिथे आपल्यासारखी माणसे विनोदाचे लक्ष्य होतीच, पण लेखणीही त्यांच्याच हातात होती. फरक पडतो तो इथे. बाहेरचा माणूस आपल्यावर विनोद करतो तेव्हा त्याला आपली दाढी आणि बुरखा दिसतो. घरातला माणूस विनोद करतो तेव्हा त्याला आपला स्वभाव दिसतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यात एकदोघे असे नक्कीच आहेत, की जे हेडमास्तरांची हुबेहूब नक्कल करतात, लग्नघरातली भांडणे रंगवून सांगतात. तुमच्या या गुणाची कोणी गुणपत्रिकेत नोंद करीत नाही. पण तो गुण आहे. मात्र तो एकटा पुरत नाही. वाचा, पुष्कळ वाचा. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, जे मिळेल ते. रोज लिहा, दुसऱ्याला ऐकवा, तो हसला नाही तर फाडून पुन्हा लिहा. वक्तृत्व स्पर्धेत उभे राहा. पोटासाठी दिवसा दुसरे काम करावे लागले तर त्यात कमीपणा मानू नका. लियरही दारोदार फिरले. आणि कोणावर विनोद कराल तेव्हा एक कसोटी लावा: तो माणूस समोर बसलेला असताना मी हे म्हणू शकेन काय? आणि म्हटल्यावर, त्याची तक्रार बसून ऐकून घेईन काय?

पालकहो, तुम्हाला एकच विनंती. संध्याकाळी मूल मोबाईलकडे बघून हसत असेल तर लगेच 'बंद कर' म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "बेटा, कशाला हसलास? मलाही दाखव." ते पाहा. चांगले असेल तर तुम्हीही हसा. एखाद्या दुबळ्याला तुडवून काढलेले हसू असेल, मग तो दुबळा कोणत्याही धर्माचा वा जातीचा असो, तर त्याला विचारा, की त्या माणसाच्या जागी तू असतास तर? गल्लीतल्या बिगाऱ्यावर, दुसऱ्या जमातीच्या शेजाऱ्यावर, आपल्याच घरातल्या बायकांवर आपण जे विनोद करतो, त्यांनाही हीच कसोटी लावावी लागेल. आपल्यावरच्या विनोदाने दुखावायचे आणि दुसऱ्यावरच्या विनोदाला टाळी द्यायची, हे दोन्ही एका तोंडाने होऊ नये. आर्ची बंकर फक्त न्यूयॉर्कला राहतो असे नाही.